पंखात शिवलेली लोरेतोची माऊली

सुटी झाली की एर्सिलिया ब्रोज्जिनी विमानांच्या कारखान्याच्या फाटकाशी आपली पिशवी उलटी करून झटकायची. कुणी गुपचूप फॅसिस्ट सरकारविरोधी पत्रक टाकलं असेल तर? सरकारच्या विरोधात गेलेला भाऊ फ्रान्सला पळाल्यापासून वारेझे गावात तिच्याशी कुणी सरळ बोलत नसे. तीही कुणावर विश्वास टाकत नसे.

हातात मात्र कसब होतं. टेहळणीच्या नव्या दुपंखी विमानाचा पहिला नमुना तयार होत होता, त्याच्या पंखांवर कापड शिवायचं काम तिच्याकडे आलं. तिचा नवरा युद्धात असल्याच विमानातून पडून गेला होता. म्हणून प्रत्येक नव्या नमुन्यात ती लोरेतोच्या माऊलीचं इवलंसं पदक शिवणीखाली दडवायची. विमानातल्या माणसांना सांभाळणारी पवित्र माता तीच. पण कारखान्यात हे कळलं, तर घातपात म्हणून तिला थेट एखाद्या बेटावर कैदेत धाडलं असतं. पळपुट्याच्या बहिणीला कोण सोडणार?

शेजारी नवीन आलेली नीवेस बसायची. भारी चौकस.

"बाई, घरी कोण कोण असतं?"

"भिंती."

"मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणलाय, घ्या ना थोडा."

"पोट भरलंय माझं."

इतकं गोड बोलते म्हणजे नक्कीच पोलिसांची खबरी! पदक शिवताना नीवेस टक लावून बघतेय हे दिसलं, तेव्हा एर्सिलियानं घाईघाईनं शेवटचा टाका घातला.

दुसऱ्या दिवशी फोरमन क्रोस्ता आला, पंखावरून हात फिरवता फिरवता थांबला, आणि त्यानं कापड टराटरा फाडलं.

"हे कुणाचं?" पदक नाचवत तो ओरडला.

झालं, हिनं चुगली केली! एर्सिलियानं डोळे मिटले.

"माझं," नीवेस म्हणाली.

"तुझं? पंख तर हिचा आहे!"

"बाई जेवायला गेल्या तेव्हा घातलं. देवाचं आहे हो, बॉम्ब नाही काही!"

"चालती हो! उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

सामान आवरताना नीवेस एर्सिलियाजवळ वाकली. "मला नुसतं हाकलतील, बाई. तुम्हाला सोडलं नसतं."

हिला आता माझ्याकडून काय हवंय, एवढंच एर्सिलियाच्या डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी फाटकाशी तिनं सवयीनं पिशवी झटकली. काहीतरी चिखलात पडलं. शेवटी पत्रक टाकलंच हिनं! तिनं ते पायानं उलटवलं.

फडक्यात गुंडाळलेला पोलेंट्याचा तुकडा होता.

एर्सिलियाला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं तो उचलला आणि तिथंच उभ्याउभ्या, रडत, मातीसकट खाल्ला.