सहावी लादी, उलट्या बाजूने

टाकेमावशींनी चाळीस वर्षं गल्लीचे कपडे शिवले, त्यामुळे कुणाचं पोट किती सुटलंय हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळतं. डोळे शिणले तसं मशीन सुनेकडे गेलं आणि मावशी मागच्या रस्त्यावरच्या मातीकामाच्या वर्गात जाऊन बसल्या. तिथे त्यांची मोठी जाऊ आधीच मुरलेली. जाऊबाईंनी चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात. न विचारताच दर भेटीत एकदा तरी सांगतात.

मग वाचनालयाचं काम आलं. जिन्याच्या भिंतीवर सहा लाद्या बसवायच्या, सहा जणांनी एकेक रंगवायची. पाच नावं पटकन ठरली. सहाव्या जागेसाठी मावशींनी हात वर केला, तेव्हा जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, इथे शिवण उसवून पुन्हा घालता येत नाही."

मावशी हसल्या खऱ्या, पण ते वाक्य पदराला बांधून घरी नेलं. आता त्या भिंतीवर चढायचंच, असं त्यांनी सुनेला सांगितलं. सुनेने मान डोलावली. सासूच्या वाटेला जाण्याइतकी ती खुळी नाही.

काम तसं सरळ. माती जाड कापडावर लाटायची, चौकोन कापायचा, वाळवून एकदा भाजायचा. मग सिरॅमिक पेस्टलने, म्हणजे आगीला न घाबरणाऱ्या खडूंनी, रंग भरायचा. वर पारदर्शक काचेचा लेप द्यायचा आणि पुन्हा भट्टी. खडू हातात आला आणि मावशींचा हात असा सुटला, की विचारू नका. त्यांनी लादीवर दोरीला वाळत घातलेले कपडे रेखाटले: निळा शर्ट, पिवळा फ्रॉक, ठिगळाची लाल चादर. वाऱ्याने फुगलेल्या शर्टाला पोटसुद्धा दिलं. कुणाचं, ते गल्लीला ठाऊक आहे.

शिकवणारी पोरगी फिरत फिरत आली आणि थबकली.

"मावशी, ही तर मागची बाजू आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. लाटताना खाली जे कापड असतं, त्याची वीण लादीच्या पोटावर उमटते. बाकीच्यांनी वरची गुळगुळीत बाजू रंगवली होती, मावशींनी ही खरखरीत. शिंप्याचा खडू कापडाच्या उलट्या बाजूलाच चालतो. चाळीस वर्षांच्या बोटांनी लादी उलटी करून घेतली होती, डोळ्यांना विचारलंच नाही.

जाऊबाईंना खोकला आला. तो हसण्यासारखा होता, ही गोष्ट वेगळी.

धुवावं तर डाग राहणार. दुसरी लादी करून भाजायला वेळ नव्हता, उद्घाटन आठवड्यावर आलेलं. सहाव्या जागी बाजारातली कोरी पांढरी लादी लावू, असं ती पोरगी खाली बघत पुटपुटली. मावशींनी जाऊबाईंच्या लादीवर रंगवलेल्या पोपटावर हलकेच अंगठा फिरवला. गुळगुळीत मातीवरून हिरवी भुकटी अंगठ्याला आली. मग स्वतःच्या निळ्या शर्टावर फिरवला. अंगठ्याला जेमतेम रंग लागला. सगळा विणीत जाऊन बसला होता.

"हीच जाऊ दे गं भट्टीत," त्या म्हणाल्या. "वाईट निघाली तर पांढरी लादी मीच बसवीन. शिडी धरायला जाऊबाई आहेतच."

तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टी उघडली. जाऊबाईंचा पोपट बाहेर आला, पण लेप देताना ब्रशखाली त्याची हिरवाई अर्धी पुसली गेली होती. बिचारा आजारी कबुतरासारखा दिसत होता. शेवटी सहावी लादी. निळा झगझगीत, पिवळा टवटवीत, आणि प्रत्येक कपड्यात आडवा-उभा धागा. चादरीचं ठिगळ तर उचकटून बघावं असं. कुणीतरी शर्टाला हात लावून ओला आहे का, ते पाहिलं.

"हे धागे कोणत्या खडूने काढलेत, मावशी?" पोरीने विचारलं.

"मी कुठे काढले? उलट्या बाजूला असतातच."

वाचनालयाच्या जिन्यात ती लादी सहावी राहिलीच नाही. पहिल्या पायरीशी, हाताच्या उंचीवर बसवली, कारण येणारा-जाणारा तिला चाचपल्याशिवाय वर जाईना.

पुढच्या आठवड्यात जाऊबाईंनी वर्गात नवी लादी घेतली. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच ती उलटी केली. मावशींनी खडूवरून नजरसुद्धा उचलली नाही.

"सावकाश हं, जाऊबाई. शिवण उसवून पुन्हा घालता येत नाही."