जित्या आप्पांचं पूर्वजगीत

“मेलेल्या माणसानं मशीनचं बटन दाबायचं व्हय?” आप्पा भर मांडवात गरजले. मी माईक त्यांच्यासमोर धरलेला, त्यामुळं सगळ्यांनीच ऐकलं.

कागलच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चीनहून नवीन मशीन आलं होतं. उद्घाटनाचं सूत्रसंचालन माझ्याकडं. म्हणजे काय, तर कोण कधी बोलणार, नारळ कुणी फोडायचा हे माईकवरून सांगायचं आणि मधली भोकं बोलून बुजवायची. हे मी कुठं शिकले नाही. लग्नं-बारशी करता करता जमलं.

धाकटे मालक शिवानंद मला आधीच म्हणाले होते, “काकी, पाहुणे चीनचे हैत. त्यांच्या जुन्या कवितेसारखा कार्यक्रम बसवा. मी वाचलंय, तीन प्रकार असतात. गावोगावच्या लोकांची गाणी, दरबारातली गाणी आणि पूर्वजांच्या पूजेची गाणी.”

आमच्या भजनी मंडळाच्या बायकांकडून मी तिन्ही बसवून घेतली. लोकांचं गाणं कामगारांना वाहिलं, दरबाराचं मॅनेजरांना. पूर्वजांचं कुणाला? कारखाना काढला शिवानंदांच्या वडिलांनी, आप्पांनी. मग त्यांनाच! ते चांगले धडधाकट पहिल्या रांगेत बसणार, बटनही तेच दाबणार, हे ना माझ्या ध्यानात आलं, ना शिवानंदांच्या.

बायकांनी आप्पांपुढं उदबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, डोळे मिटून गायल्या. आणि आप्पा भडकले.

“आप्पा, उठा की!” शिवानंद.

“न्हाय. जित्ता हुतो तवर लई राबलो.”

आप्पांना सोडून बटनाला हात लावायची कुणाची छाती? कामगार खुदखुदायला लागले. शिवानंद माझ्याकडं असं बघत होते, की कागलात मला पुन्हा कुणी माईक देणार नाही हे मी समजून चुकले.

मी पाहुण्यांबरोबर आलेल्या दुभाष्याला गाठलं. “असल्या गाण्यात तुमचे पूर्वज काय करतात हो?”

त्यानं म्हाताऱ्या चिनी इंजिनिअरला विचारून सांगितलं, “फार पूर्वी घरातलाच जिवंत माणूस पूर्वजाच्या जागी बसवत. पूर्वजाच्या नावानं तोच खायचा, प्यायचा आणि आशीर्वाद द्यायचा.”

मी ते तसंच माईकवर सांगितलं. आप्पांनी मान वळवली.

“खायाला काय हाय?”

“बासुंदी.”

“आणा.”

“आप्पा, शुगर!” शिवानंद ओरडले.

“मेल्याला कसली रं शुगर?”

वाटी आली. मग आणखी एक आली. सगळा मांडव, पाहुण्यांसकट, उपाशी पोटी बघत बसला. आप्पांनी मिशा पुसल्या, लेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाऊन बटन दाबलं. मशीन झकास चाललं.

पुढं त्या कारखान्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन आप्पांनी मलाच दिलं. बोलावताना एकच विचारायचे, “ते चिनी गाणं हाय न्हवं?”

मी मात्र तेव्हापासून पूर्वजांचं गाणं बसवायच्या आधी पूर्वज नक्की गेलेत ना, एवढं विचारून घेते.