माझ्या लेकीचं स्टिकर

आमच्या गावातल्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रेशनचं दुकान उघडलं का, कुणाचं वासरू सुटलं, असलं सगळं त्यावर चालतं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी त्यावर विचारलं, "उद्या नळाला पाणी येणार हाय का?" शेजारणीने उत्तर म्हणून एक स्टिकर टाकलं. रडवेलं तोंड, गालावर ओघळ, आणि खाली लिहिलेलं, "आठवत न्हाय." दोघी-तिघींनी त्यावर हसरे चेहरे टाकले.

तो चेहरा माझ्या मुलीचा होता.

भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून मी शेजारणीकडे गेले. "हे तुझ्याकडं कुठून आलं?"

"भाच्यानं पाठवलं. गंमत वाटली म्हणून ठेवलं."

"चष्मा लाव आणि नीट बघ."

तिने चष्मा लावला आणि खाटेवर बसलीच. "अगो, ही आपली हाय? मला खरंच कळलं न्हाय." तिचं मी खरं मानते. बाकीच्यांचं मानत नाही.

मुलगी तेव्हा दहावीत, तालुक्याच्या शाळेत जायची. महिनाभर रोज एस.टी.च्या वेळेला तिचं पोट दुखायचं. डबा भरलेलाच परत यायचा. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या दिवशी मी तिच्यापुढे फोन धरला, तर तिने तो उलटा करून ठेवला.

"आई, तू ग्रुपवर काही लिहू नको. लिहिलंस तर ते अजून करतील."

मग हळूहळू बाहेर आलं. शाळेच्या कार्यक्रमात ती भाषणाला उभी राहिली होती. मधेच विसरली, घाबरली, आणि घरी बोलतो तसंच तोंडातून गेलं, "मला पुढचं आठवत न्हाय." तिथेच रडू फुटलं. एवढंच झालं होतं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याला ढोलाचा आवाज लावला आणि पसरवला. मग स्टिकर आलं. वर्गाच्या ग्रुपवर कुणी गृहपाठ विचारला तरी उत्तर तेच. तिच्या नावाने एक खोटं खातं निघालं, त्यावर तिच्या बोलण्याची नक्कल करून घाणेरडं लिहायचे. वर्गात तिने तोंड उघडलं की मागच्या बाकांवरून "न्हाय, न्हाय" सुरू. त्यातल्या निम्म्यांच्या घरीही "न्हाय"च म्हणतात.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शाळेत मोबाईलला बंदी आहे. बाहेर मुलं काय करतात, त्याला आम्ही जबाबदार कसे?"

"मग शूटिंग कुणी केलं?"

कार्यक्रमाचा व्हिडिओ त्यांच्याच एका शिक्षकांनी काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, रडण्यासकट. तो तिथे तसाच पडून होता. माझ्यासमोर काढायला लावला तेव्हा निघाला. वर त्यांनी मला समजावलं, "तिलाही सांगा, इतकं मनाला लावून घ्यायचं नाही."

हे वाक्य मी नंतर इतक्या लोकांकडून ऐकलं, की आजही कानावर पडलं तर डोकं फिरतं. ज्याने मारलं त्याला कुणी काही सांगत नाही. जिला लागलं तिलाच सांगायचं, लागू देऊ नको.

स्टिकर बनवलं होतं तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने. ही मुलगी आमच्याकडे जेवलेली, सुट्टीत राहिलेली. मी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "मोबाईलमधलं तिला सगळं येतं हो. मुद्दाम नसेल केलं." आवाजात चक्क कौतुक होतं. मी मुलीला बाहेर बोलवायला सांगितलं. ती दाराला धरून उभी राहिली.

"काकू, मी फक्त आमच्या मैत्रिणींना पाठवलं होतं. पुढचं मला माहीत नाही."

"आणि ते खातं?"

ती दाराआड सरकली. आई आतून म्हणाली, "बास झालं आता. पोर घाबरली आमची."

त्यांची पोर घाबरली. मी तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाई हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं, माझ्या फोनवरचं सगळं उतरवून घेतलं, त्या मुलीच्या बापाला बोलावलं. आठवड्याभरात खातं बंद झालं. मग शाळेला जाग आली आणि त्यांनी मोबाईलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ठेवलं. माझ्या मुलीला पहिल्या रांगेत बसवलं. व्याख्यानभर सगळी शाळा तिच्याकडे बघत होती.

परीक्षा तिने दिली, पासही झाली. पण अकरावीला इथे राहणार नाही म्हणाली. दिघीहून खाडी ओलांडून मुरूडला माझ्या बहिणीकडे राहते. तिथे तिला कुणी ओळखत नाही, हेच तिला आवडतं. माझ्याशी फोनवर आता पुस्तकातल्यासारखं बोलते. "मी जेवले नाही, आई." न्हाय म्हणून एकदाही नाही. मावसभावाच्या हळदीत कुणी फोन वर केला की ती चेहऱ्यापुढे हात धरायची. हळदीच्या एकाही फोटोत तिचं तोंड दिसत नाही.

परवा माणगावच्या बाजारात त्या मैत्रिणीची आई भेटली. सुकट निवडत होती. "अजून रागावलाय का? मुली विसरल्यासुद्धा," म्हणाली.

"तुमची विसरली असेल," मी म्हटलं. "माझीला विचारायला या एकदा. मुरूडचा पत्ता देते."

तिने पत्ता मागितला नाही.