शेअरांची सुयिन्शी आणि कोल्ह्याची टोपी

आमच्या तेरेकती गावात सापारगालीइतक्या आनंदाने लोकांच्या दारात जाणारा माणूस दुसरा झाला नाही. दार वाजवणं त्याला माहीतच नव्हतं. फाटकापासूनच तो "सुयिन्शी!" अशी आरोळी ठोकायचा, आणि घरातल्या बायका पिठाच्या हातांनी बाहेर यायच्या. सुयिन्शी म्हणजे शुभ बातमीचं बक्षीस. आधी बक्षीस कबूल करायचं, मग बातमी ऐकायची. आणणारा मागेल ते द्यायचं, तेही हसत. पण बातमी खोटी निघाली, तर आणणाऱ्याचं नाव मातीत गेलं म्हणून समजा.

पहिली सुयिन्शी त्याने मिळवली तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. कालदीबेक म्हाताऱ्याची घोडी हिवाळ्यात हरवली होती. लांडग्यांनी खाल्ली असं धरून म्हातारा तिच्यासाठी रडूनही मोकळा झाला होता. वसंतात हा पोरगा ओढ्याकाठी सरपण वेचत होता, तर समोरून घोडी येतेय आणि तिच्यामागे शिंगरू. सरपण तिथेच टाकून हा पळत सुटला. म्हातारा म्हणाला, माग. याने शिंगरूच मागितलं. म्हातारा बराच वेळ दाढी कुरवाळत बसला, पण दिलेला शब्द गिळता येतो होय? पुढे त्या शिंगरावर बसून सापारगाली शाळेत यायचा आणि आम्ही सगळे पायी. मास्तरसुद्धा पायी.

मोठेपणी तो सामुदायिक शेतीची दुधाची गाडी चालवायला लागला. रोजचं तालुक्याला जाणं-येणं. परतताना कॅन रिकामे असायचे, पण गाडी बातम्यांनी गच्च भरलेली. कुणाची पोरगी परीक्षेत पास झाली, कुणाला दवाखान्यात मुलगा झाला, सगळं आधी याला ठाऊक. माझा थोरला जन्मला ती बातमीही त्यानेच आणली. मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं, आणि पुढे वर्षभर किती वाजले ते विचारायला त्याच्याकडेच जात राहिलो.

मग कचेरीत टेलिफोन आला. तो ठेवला हिशेबनीस झेइनुल्लाच्या टेबलावर. झालं! सापारगाली दुधाची गाडी दामटत खिंड उतरेपर्यंत झेइनुल्लाने फोन उचललेला असायचा. एकदा कुल्याशचा भाऊ जिल्ह्यात कुस्ती जिंकला. कुल्याश म्हणजे आमच्या गावची परिचारिका. सापारगाली धापा टाकत तिच्या अंगणात पोहोचला, तर झेइनुल्ला आधीच पंगतीला बसून मटणाचं हाड चोखत होता. वर म्हणतो, "बस, साके. मीठ जरा कमी पडलंय, पण बातमी ताजी होती."

मी, सापारगाली आणि झेइनुल्ला एकाच वर्षी जन्मलेलो; मानाने त्यांना साके आणि झेके म्हणतात. आमच्याकडे बरोबरीच्यांनी एकमेकांना काहीही बोलावं, रागवायचा हक्क कुणालाच नसतो. म्हणून सापारगाली हसला. पण ते हाड त्याच्या घशात अडकलं ते अडकलंच.

त्यातूनच त्याला शहाणपण आलं, असं तो सांगायचा. माणूस मीठ घेताना घासाघीस करतो, चहा घेताना करतो, बकरी घेताना तर दिवस घालवतो. पण बातमी घेताना कुणी घासाघीस करत नाही. ज्याच्या हातात बातमीची वाट, त्याच्या घरी कायम सुयिन्शी.

म्हणून सरकारने अक्सुंकार टेलिकॉमचे शेअर साध्या माणसांना विकायला काढले, तेव्हा तो तालुक्याहून कसा आला म्हणता! म्हातारपणी त्याला पुन्हा मिसरूड फुटल्यासारखं झालं होतं. तो थेट झेइनुल्लाच्या फाटकाशी गेला आणि सुयिन्शी मागितली. घरात लग्नाची मुलगी होती, झेइनुल्लाला वाटलं स्थळ आलं. तो म्हणाला, माग. सापारगालीने त्याच्या डोक्यावरची टोपी मागितली. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, आणि कोल्हाही असातसा नाही, झेइनुल्लाच्या वडिलांच्या पाळीव गरुडाने धरलेला. झेइनुल्लाने ती काढून दिली आणि मग बातमी ऐकली.

"शेअर?" तो म्हणाला. "अरे, मी बापाची टोपी दिली ती कागदासाठी?"

तरी त्यानेही शेअर घेतले. मी घेतले, कुल्याशने घेतले, निम्म्या गावाने घेतले. सापारगालीची बातमी आजवर खोटी ठरलेली नव्हती ना.

पहिला आठवडा भाव वर गेला. सापारगाली टोपी घालून गावभर हिंडला, अंगाला उकडत असतानाही. मग भाव जो घसरला तो वर्षानुवर्षं घसरतच राहिला. लाभांश यायचा, तोही चहासाखरेपुरता. झेइनुल्ला रस्त्यात भेटला की एकच विचारायचा, "टोपीला अजून ऊब आहे का रे?" लोक हसायचे. गेल्या वर्षी माझ्या नातीला शिष्यवृत्ती मिळाल्याची बातमी सापारगालीला सगळ्यांच्या आधी कळली, पण तो आलाच नाही. माझ्या फाटकावरून खाली मान घालून निघून गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आधीची बातमी खरी ठरू दे. मग नवी आणतो." तेव्हा मला कळलं, त्याला शेअर वर जायला हवे होते ते पैशांसाठी नव्हे. त्याला पुन्हा लोकांच्या फाटकावर ओरडायचं होतं.

यंदा हिवाळा सरता सरता एक गोष्ट घडली. शहरातल्या कुणा बड्या धन्याने जाहीर केलं की अक्सुंकारच्या लहान भागधारकांचे शेअर तो विकत घेणार. भाव बाजारापेक्षा थोडा चढा, पण आम्ही दिलेल्या पैशांपेक्षा बराच कमी. मुदत शुक्रवारपर्यंत. गुरुवारी आम्ही सगळे सापारगालीच्या घरी जमलो. त्याच्या बायकोने, बातिमाने, बाऊरसाक, म्हणजे कणकेचे गोळे, तळले होते, गरम आणि फुगलेले. चहा तीच ओतत होती.

झेइनुल्लाने मुद्दे मांडायला सुरुवात केली. आता घरच्या फोनला कोण हात लावतो? पोरं आगपेटीएवढ्या यंत्रातून फुकट बोलतात, चेहरेसुद्धा दाखवतात. कंपनीवर कर्ज आहे, नफा दर वर्षी रोडावतोय. म्हातारी घोडी आहे ही, मांसाच्या भावाने विकून मोकळे व्हा.

सापारगालीचं म्हणणं उलटं. पोरं फुकट बोलतात खरी, पण ते बोलणं कुठल्या तारेतून, कुठल्या मनोऱ्यावरून जातं? हवेतून घुबड नेतं का? आणि प्रत्येक तालुक्यात मोक्याच्या जागी कंपनीची इमारत आहे, आमच्या तालुक्यात तर मागे सफरचंदांची बाग आहे. सगळी कंपनी आज ज्या भावाला मिळतेय, त्यात नुसत्या जमिनी यायच्या नाहीत.

"सफरचंदं तू खाल्लीस का कधी त्या बागेतली?" झेइनुल्लाने विचारलं.

"खाल्ली. चोरून."

"मग झालं. तुला लाभांश मिळाला."

सगळे खदखदून हसले. बातिमाने झेइनुल्लाची वाटी घेतली आणि काठोकाठ चहा भरून त्याच्यापुढे ठेवली. पाहुण्याला आम्ही चहा थोडा थोडा ओततो, म्हणजे तो बसून राहतो. भरलेली वाटी म्हणजे उठा आता. झेइनुल्लाने वाटीकडे पाहिलं, मग बातिमाकडे. "वहिनी," तो म्हणाला, "एवढी तहान नव्हती मला." आणि हलायचं नाव न घेता तो सावकाश फुंकर मारत बसला.

कुल्याश फोनवरच्या गुंतवणूकदारांच्या गटातलं वाचून दाखवत होती. शहरातले शिकलेलेसुद्धा असेच भांडत होते. एक म्हणे कंपनी कवडीमोलाने चाललीय, दुसरा म्हणे कवडीसुद्धा जास्त. शेवटी तिने चष्मा काढला. "साके, आकडे राहू दे. तुला स्वतःला काय वाटतं तेवढं सांग. बायकांनी माझ्या शब्दावर शेअर घेतलेत, मला त्यांना तोंड दाखवायचंय."

सापारगाली म्हणाला, "आपा, बाजारात कुणी तुझ्या घोड्याला नावं ठेवतोय, म्हणतो दात झिजलेत, खूर फुटलेत. पण हातातली दोरी सोडत नाही. असा माणूस घोड्याबद्दल खरं काय म्हणतोय, तोंड बघून कळतं की हात बघून?"

 तरी बऱ्याच जणांनी विकायच्या कागदांवर सही करून ते तालुक्याला न्यायला झेइनुल्लाकडे दिलेच, मीही दिले, खोटं कशाला बोलू. कुल्याशने सही केली, पण कागद देताना म्हणाली, "झेके, तिथे जाऊन आधी डोळ्यांनी बघ. मग काय करायचं ते कर." सापारगाली उठून खिडकीशी उभा राहिला. सगळ्यांनी तोट्यात विकलं की त्याची बातमी कायमची खोटी ठरणार होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी झेइनुल्ला त्याच्या खटारा मोटारीतून तालुक्याला गेला. दुपारी वारा सुटला, असा की कोंबड्या कुंपणाला जाऊन चिकटल्या. फोन बंद पडले. डोंगरावरचा मनोरा गेला म्हणे, तोही अक्सुंकारचाच. मग काय, लोकांच्या जिभांना धार चढली. साके, तुझी घोडी बसली रे. साके, बाग तरी उभी आहे का बघून ये. तो अंगणात शेणाच्या गोवऱ्या रचत होता, त्याच गोवऱ्या पुन्हा पुन्हा.

दिवस कलताना मी त्याच्याकडेच होतो. खिंडीच्या बाजूने घोडा आला, भरधाव. वर एक जाडजूड माणूस, पोत्यासारखा हिंदकळणारा, उघड्या डोक्याचा, भुवयांवर बर्फ. तो फाटकाशी थांबला आणि अशी आरोळी ठोकली की सापारगालीच्या हातातली गोवरी सुटली.

"सुयिन्शी! सापारगाली, सुयिन्शी!"

झेइनुल्ला होता. मोटार बर्फात रुतली, म्हणून मेंढपाळाकडून घोडा मागून घेऊन तो आला होता. जन्मभर टेबलाशी बसून फोन उचललेला माणूस घोड्यावर बसून बातमी घेऊन आला होता, आणि ज्याने जन्मभर सुयिन्शी मागितली त्याच्याकडून मागत होता.

 सापारगालीने सावकाश डोक्यावरची कोल्ह्याची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून पुढे केली. "माग," तो म्हणाला.

"आधी ऐक."

"नाही. आधी माग. रीत मोडू नकोस."

"मग टोपी घाल डोक्यावर, गारठशील. टोपी नकोय मला." झेइनुल्लाने छातीशी कोंबलेला कागदांचा गठ्ठा बाहेर काढला. आमचे सह्या केलेले सगळे कागद, एकही दिलेला नव्हता. "मला तुझे दहा शेअर दे."

बातमी त्याने नंतर सांगितली. तालुक्यात कागद घेणाऱ्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं की धन्याने सकाळीच भाव दीडपट केलाय, आम्ही मोजलेल्या पैशांच्याही वर. लोक विकायला रांगेत धक्काबुक्की करत होते. झेइनुल्लाही रांगेत होता, खिडकीपर्यंत पोहोचलाही होता. "तेव्हा मला त्या धन्याचा हात दिसला," तो म्हणाला. "दोरी धरलेला. एका रात्रीत दीडपट देतोय, म्हणजे अजून सोडणार नाही. मी मागे फिरलो. मागच्या बाईने मला वेडा म्हटलं."

सापारगालीने टोपी घातली, कानांवर नीट ओढली. हसू आवरता आवरेना त्याला. "काल मांसाच्या भावाची होती घोडी," तो म्हणाला. "आज दीडपट महाग झाली, आणि आज तुला हवी झाली?"

"अजून स्वस्तच आहे," झेइनुल्ला पुटपुटला. "आता देतोस की नाही?"

"देतो. पण पुन्हा एकदा म्हण. कुल्याशच्या अंगणापर्यंत ऐकू जाऊ दे."

झेइनुल्लाने दिलेल्या शिव्या मात्र सगळ्या गावाला ऐकू गेल्या. बातिमा बाहेर आली, त्याला हाताला धरून आत नेलं आणि चहा ओतला, वाटीच्या तळाला जेमतेम पुरेल इतका, म्हणजे तो रात्रभर बसावा. सापारगाली मात्र आत आलाच नाही. फोन अजून बंदच होते. मी खिडकीतून पाहिलं, तो त्याच घोड्यावर चढून गल्लीत वळत होता, आणि पहिल्या फाटकाशी त्याचा आवाज ऐकू आला, कालदीबेकच्या घोडीच्या वेळी ऐकला होता तसाच कोवळा.