बोकड, मामलेदार आणि होडी

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोला अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धंही खोटं आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसलो तर हात पुढे सरकत नाही. तेव्हा आधी स्कीबद्दल सांगतो, बर्फावरून घसरायला पायाला अडकवतात त्या लांब पट्ट्यांबद्दल. ते मला चांगलं जमतं. बारा-तेरा वर्षं मी दुसरं काही केलंच नाही.

दुबईत एका मॉलमध्ये छताखाली बर्फाची उतरण आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. बाहेर बेचाळीस अंश, आत उणे दोन. त्या मॉलमध्ये आमच्या कंपनीचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि मी स्की विभागाची खरेदी-विक्री बघायचो. मी मूळचा पुण्याचा. फ्रीजबाहेरचा बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो त्या मॉलमध्येच. हसा खुशाल. आमच्या धंद्यात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझं काम कागदावरचं होतं. स्की पायात घालायचं काम विल्सनचं.

विल्सन वसईचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. पण तो टेक्निशियन आणि मी एक्झिक्युटिव्ह, म्हणून तो मला ‘पाटणकर साहेब’ म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. बूट स्कीला धरून ठेवणारा खटका बसवणं, स्कीच्या कडा घासणं, तळाला मेण लावणं ही त्याची कामं. ती उतरण सुरू झाली तेव्हा तो तिथे भाड्याचे बूट द्यायला लागला होता. सकाळी दारं उघडण्याआधी तासभर कुणाच्या ना कुणाच्या हातापाया पडून स्की शिकला. वडिलांच्या होडीत उभं राहून वाढलेला माणूस. तोल त्याच्या अंगातच होता.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात आमच्याकडे रुंद स्कीच्या तीन जोड्या नमुन्याला आल्या. कोणत्याही बर्फावर चालतील अशा, पायाखाली जरा जास्त रुंद. किंमत अडीच हजार दिरहमच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे तीस हजार रुपये. घेणारी माणसं हिवाळ्यात विमानाने खऱ्या डोंगरावर जाणारी. आमचे मॅनेजर नबीलसाहेब लेबनॉनचे, लहानपणापासून डोंगरावर स्की करणारे. त्यांनी आमच्या विभागाला तिन्हींची तुलना करून लेखी रिपोर्ट द्यायला सांगितलं. सगळ्यांत रुंद जोडी त्यांची लाडकी होती. तिची मोठी ऑर्डर त्यांनी तोंडी देऊनही टाकली होती.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी आम्ही आत जायचो. मी भाड्याचं जाकीट घालून खाली बाकावर बसायचो, मांडीवर वही. थंडीत पेन चालत नसे म्हणून पेन्सिल. विल्सन वरून यायचा, माझ्यासमोर थांबायचा आणि धापा टाकत मराठीत सांगायचा. मी ते इंग्रजीत लिहून घ्यायचो. स्कीवरची नावं त्याने चिकटपट्टीने झाकली होती. ‘नाव वाचलं की पाय खोटं बोलतात, साहेब,’ म्हणायचा. मग नावं त्यानेच ठेवली. पायाखाली अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची, तो बोकड. शहाण्णववाली, आत धातूचे पत्रे असलेली, तो मामलेदार. आणि एकशे चार मिलिमीटरची, पुढचं नाक वर वळलेली, ती होडी.

आता मला सांगा, छताखाली एकाच तापमानाचा बर्फ असताना रुंद स्कीची परीक्षा कशी घ्यायची? रुंदीचा उपयोग मऊ, खोल बर्फात, आणि तो तिथे नव्हताच. पण विल्सनने त्या एका उतरणीवर तीन बर्फ शोधले होते. भिंतीकडेला रात्रीच्या यंत्रातून पडलेला भुसभुशीत ढीग, सकाळी घोट्यापर्यंत पाय जाईल असा. मध्ये साखरेसारखा रवाळ. आणि वर नेणाऱ्या पाळण्यांखाली माणसांनी घासून घासून काचेसारखा झालेला पट्टा. तीन बर्फ, तीन जोड्या. असं करायचं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

‘बोकड म्हणजे कसा, साहेब, तुम्ही वळ म्हणेपर्यंत वळलेला असतो. पण सरळ सोडला की पायात नाचतो.’

‘मामलेदाराने एकदा शेरा मारला की मारला. वेगात याच्यासारखा सोबती नाही. पण हळू गेलात तर हा तुम्हाला ऑफिसात बसवून ठेवील.’

आणि होडी? ढिगात शिरली की नाक वर काढून अशी जायची की विल्सन खाली येईपर्यंत हसत असायचा. काचेच्या पट्ट्यावर मात्र तिची कड उशिरा लागायची. रुंद स्की आडवी कलायला वेळ घेते आणि तो सगळा भार गुडघ्यावर येतो. ‘मऊ बर्फात राणी. इथे हिला घेऊन येणाऱ्याच्या गुडघ्याला विचारा,’ तो म्हणाला. मी लिहायला लागलो तसा घाबरला. ‘हे नका लिहू, साहेब. नबीलसाहेबांचीच पसंती आहे ती. माझी नोकरी घालवाल.’

मी लिहिलं. खरं होतं म्हणून लिहिलं. या सगळ्या प्रकरणात मी केलेली बरी गोष्ट ही एवढीच, आणि पुढे तीच माझ्या उपयोगाला आली.

रिपोर्ट माझ्या ईमेलवरून गेला. चाचणी कुणी घेतली असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुद्दाम? तेव्हा नाही. तेव्हा मला ते सुचलंच नाही, आणि हेही काही फारसं भूषणावह नाही.

मग ते मंदीचं संकट आलं. तुम्हाला आठवत असेल, कसं एकाएकी आलं. गुरुवारी ज्या माणसाबरोबर जेवलो, रविवारी त्याच्या टेबलावर फक्त फोनची वायर. क्रेन तशाच उभ्या, पण हलेनात. आमच्या इमारतीत रोज कुणीतरी सोफा विकायला काढलेला. आणि इकडे नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही. व्हिसा जातो. एक महिना मिळतो, त्यात दुसरं काही जमलं नाही तर घरदार गुंडाळून परत.

एका संध्याकाळी मी घरी आलो तर बायको दारातच उभी. नबीलसाहेबांची सेक्रेटरी मीनल आमच्याच इमारतीत राहायची, ती हिला लिफ्टमध्ये भेटली होती. ही एका दमात बोलली, ‘तुमच्या स्कीमध्ये एकच माणूस ठेवणारेत. तो रिपोर्ट साहेबांना फार आवडलाय. खरं लिहिलं म्हणून त्यांनी ऑर्डर कापली म्हणे, कंपनीचा केवढा तोटा वाचला. तो ज्याने केला तो राहणार. मीनलने अगदी शपथ घालून सांगितलंय, कुणाला बोलू नकोस.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तूच केलायस ना?’

मी ‘हो’ म्हणालो. विचार करून नाही. बूटसुद्धा काढले नव्हते. मला आजही धक्का बसतो तो या वेगाचा. आपल्या आत असा माणूस बसलेला असतो का, हाक मारायच्या आत ओ देणारा? चौतीस वर्षं तो माझ्यात होता आणि माझी त्याच्याशी गाठ पडली ती चपलांच्या स्टँडशेजारी.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना सिलिकॉन ओएसिस भागातल्या मुख्य ऑफिसात बोलावलं. नबीलसाहेब बँकेतून आलेले, चेहरा ओढलेला. हातात माझी पानं. ती टेबलावर आपटून त्यांनी विचारलं, ‘हू डिड धिस?’

आमच्या ऑफिसात ‘हे कोणी केलं’ हा प्रश्न कधी कौतुकासाठी विचारलाच जात नसे. तो कानावर पडला की माणसं खाली बघायची. विल्सनने खाली बघितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं ना. त्याच्या डोक्यात फक्त होडी होती, साहेबांची लाडकी, आणि तिच्याबद्दल आपण काय बोललो ते.

मला मात्र माहीत होतं. तो प्रश्न म्हणजे काय, ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. नबीलसाहेबांना आणि मला.

मी म्हणालो, ‘मी केलं, सर.’

‘तिन्ही स्की तू चालवल्यास?’

‘येस सर.’

त्यांनी एकदा विल्सनकडे बघितलं. तो मान खाली घालून उभा. त्यांच्या लेखी तो स्क्रू पिळणारा माणूस. ते म्हणाले, ‘ओके. खलास.’ आम्ही बाहेर आलो.

झालं. एवढंच आहे. कबूल करायचं ते हे. पण खरं सांगू, हे एवढंच असतं तर मी कदाचित लिहायला बसलोही नसतो. भित्रा माणूस खोटं बोलला, अशी गोष्ट त्या वर्षी दुबईत मजल्या-मजल्यावर सापडली असती.

लिफ्टमध्ये विल्सनने माझा हात धरला. दोन्ही हातांनी. बोटांना मेणाचा वास. डोळ्यांत पाणी. म्हणाला, ‘साहेब, माझ्यावर येणार होतं ते तुम्ही अंगावर घेतलंत. माझा सख्खा भाऊ असं करणार नाही.’

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, ‘असू दे रे.’

असू दे रे! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं पाहिजे होतं. वाटलं नाही. थोडं बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला खरोखर आपण कुणाला तरी वाचवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, रिटाने, कोळंबीच्या लोणच्याची बरणी पाठवली. आम्ही ती पंधरा दिवस पुरवून खाल्ली. बायको म्हणाली, किती साधी माणसं आहेत. मी म्हणालो, हो ना.

आठवड्याने त्याला पत्र मिळालं. तो दुकानात आला तेव्हा पत्र हातात तसंच उघडं होतं, जणू वाचता वाचता चालत आला होता. ‘माझंच का, साहेब?’ त्याने विचारलं. त्याला सांगायला माझ्याकडे एक संपूर्ण, खरं उत्तर होतं. नबीलसाहेब अजून ऑफिसात होते. गाडीने वीस मिनिटं. मी म्हणालो, ‘रिसेशन आहे रे, काय करणार.’ त्यावर तो म्हणाला, ‘तुमचं तरी वाचलं, हे बरं झालं. मला वाटलं होतं, त्या होडीपायी तुम्हालाच काढतील.’

महिनाभर तो फिरला. रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात जाऊन आला, अल ऐनला कुणाच्या तरी ओळखीने गेला. सगळीकडे ‘इन्शाल्ला’, म्हणजे नाहीच. मुलीची, शेरॉनची, शाळा अर्ध्या वर्षात सुटली. विमानतळावर त्यांना माझ्या गाडीतून मीच सोडलं. मागच्या सीटवर शेरॉन मांडीवर ग्लोब घेऊन बसली होती, सामानात मावला नाही म्हणून. उतरताना म्हणाली, ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग, अंकल.’ घरी तसं सांगितलं गेलं असणार.

आणि मी? मी राहिलो. वाढलो. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, ही वळ म्हणेपर्यंत वळते. हिला वेगात न्या, हळू नेऊ नका. ही मऊ बर्फात राणी, पण घट्ट बर्फावर तुमच्या गुडघ्याला विचारा. माणसं खूश व्हायची. एकदा एक जर्मन गिऱ्हाईक म्हणाला, तुमच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही किती वर्षं स्की करता? मी आकडा सांगितला. कुठला, ते आता आठवतही नाही. स्कीची मॉडेलं दर दोन वर्षांनी बदलली. मी त्या नव्या स्कींनाही तीच वाक्यं लावत राहिलो.

मी आजवर एकही स्की पायात घातलेली नाही. आधी भीतीने. नंतर, कुणी बघेल म्हणून.

गेल्या वर्षी वसईहून फोन आला. शेरॉनचं लग्न, यायलाच हवं. न जाण्याची कारणं माझ्याकडे पुष्कळ होती, तरी गेलो. का गेलो? सांगायला गेलो असं मी विमानात स्वतःला बजावत होतो. विल्सनचे केस पांढरे झालेत. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, बरं चालतं. त्याने मला पहिल्या रांगेत बसवलं. पाद्रीबाबांना, व्याह्यांना, जावयाला, एकेकाला पकडून आणून ओळख करून दिली, ‘हे पाटणकर साहेब. दुबईत माझ्यासाठी यांनी बोलणी खाल्ली. आजच्या जगात कोण खातं?’ सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. मी दिला. शेरॉन आणि तिचा नवरा वाकून पाया पडले. मी पाय मागे घेतले नाहीत.

जेवणानंतर तो खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसला. आजूबाजूला कुणी नव्हतं. बँड थांबला होता. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं, त्याहून बरी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

‘होडी अजून विकता का, साहेब?’ त्याने विचारलं.

‘नाही रे. ती बंद झाली. आता नव्या आल्यात.’

‘कशा आहेत?’ तो पुढे सरकला. बसल्या बसल्याच त्याचे गुडघे जरा वाकले आणि पाय समांतर झाले, तेव्हा रोज सकाळी उतरणीवर उभा राहायचा तसे. ‘घट्ट बर्फावर कड धरते का? की तशीच उशिरा लागते?’

‘चांगल्या आहेत,’ मी म्हणालो. ‘लगेच धरते.’

त्याने समाधानाने मान हलवली. माझा शब्द होता ना.