बाळंतीण सुखरूप म्हणे!

आई गेल्यापासून पिंपळे गुरवमधल्या माझ्या दोन खोल्या हेच माझ्या धाकट्या बहिणीचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडेच. चाकणच्या कंपनीत रजा टाकली, डिंक-मेथी आणून ठेवली आणि कळा सुरू झाल्यावर तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिला आत घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं.

दार कसलं, नुसता पत्रा. आतलं सगळं ऐकू येत होतं. बहीण कळवळून ओरडली, तशी सिस्टर खेकसली, "ए, गप पड! नवऱ्याजवळ झोपताना नाही ओरडलीस ती?" पाठोपाठ फाडकन चापट. मी दार बडवायला लागले. वॉचमन म्हणाला, "ताई, आत जाता येत नाही."

"अहो, मारतायत तिला!"

"त्याशिवाय बाया जोर लावत नाहीत."

जळलं मेलं ते ज्ञान! तू कधी बाळंत झाला होतास रे बाबा?

आतून दुसरी कुणी म्हणाली, "उरका गं, माझी शिफ्ट संपतेय." मीही कंपनीत असेंब्ली लाइनवर काम करते, शिफ्ट संपायच्या आत माल उरकायची घाई मला कळते. पण माझ्या हाताखाली वायरी असतात हो, जिवंत बाई नसते!

मुलगी झाली, पेढे वाटले. झाला प्रकार सांगायला गेले की जो तो म्हणे, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? मग झालं तर." सुखरूप म्हणे! मेली नाही, एवढ्यावरच आम्ही समाधान मानायचं होय?

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. मारुंजीच्या सासरहून तिचा फोन आला, "ताई, मी घरातच बाळंत होईन. मेले तर मेले, पण तिथे जाणार नाही." घरात काही बरंवाईट झालं म्हणजे? विचारत विचारत वाकडच्या पुढे एक छोटं प्रसूती केंद्र शोधलं. गरज पडली तर डॉक्टर तिथेच, बाकी सगळं मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं खास शिक्षण घेतलेली नर्स, बघणार.

कळा सुरू झाल्यावर गेलो, तर मिडवाइफ मला म्हणाली, "ताई, बाहेर का थांबलात? तिची कंबर कोण चोळणार?" तिने बहिणीला हवं तसं फिरू दिलं, बसू दिलं. तपासायच्या आधी विचारलं, "तपासू का गं?" बहीण माझ्या तोंडाकडे बघायला लागली. असं कुणी विचारतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

कळा वाढल्या तरी हिचा आवाज नाही. बघते तर ओढणीचा बोळा तोंडात आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आलेली. मिडवाइफने बोळा हळूच काढला. "अगं, तोंड का दाबतेस?"

बहीण धापा टाकत म्हणाली, "मॅडम, थोडंसं ओरडू का? मारणार नाही ना?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "ओरड गं बाई, बेंबीच्या देठापासून ओरड. बघते कोण हात लावतंय तुला!"

तरीही ती माझ्याकडे बघत नव्हती. मिडवाइफ कधी हो म्हणते, याची वाट बघत होती.