गरवायचा चष्मा

बाबांसाठी मी तीन वर्षांत तीन चष्मे निवडले. तिन्हींच्या काचा बरोबर होत्या. दादरच्या दुकानात वीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, काचेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. उद्या तीच तक्रार घेऊन दुसरं गिऱ्हाईक आलं तर माझा हात अजूनही आपोआप त्याच तीन खणांकडे जाईल. बाबांना आता डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही. उजव्या डोळ्यात समोरचं तेवढं उरलं आहे, दाराच्या फटीतून दिसावं इतकं.

बाबा गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जायचे. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसाचं गाव सुटलं तरी गळ सुटला नव्हता. गिरणी बंद पडली, मग बरीच वर्षं वॉचमनकी झाली, तीही संपली. पण रविवारी ओहोटीची वेळ बघून ते आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतून निघायचे आणि वरळीच्या खडकांवर जाऊन बसायचे. काठी, डबीत कोळंबी, मासा लागला की कळावं म्हणून दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा. सोबत गिरगावातले एक ख्रिश्चन दोस्त, ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांना आम्ही सगळे अंकल म्हणायचो. कधी एखादा शिंगाळा मिळायचा, कधी चार बोटांची बोय. आई म्हणायची, एवढं ऊन खाऊन आणलंत काय, तर मांजराचं जेवण.

"पाण्यार खूप चमाकता. थर्माकोल दिसणा नाय," बाबा एकदा म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वडिलांनी मुलाकडे काही मागावं असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं माझ्या धंद्यातलं.

मी हौसेनं कामाला लागलो. पोलराइज्ड काच पाण्यावरून आडवी येणारी चकाकी अडवते, हे हल्ली सगळ्यांना माहीत असतं. पण कुठल्या पाण्याला कुठला रंग, हे विचारून बघा. मोकळा समुद्र आणि भर ऊन, म्हणून करडी काच घेतली. वर निळं आरशासारखं कोटिंग. आतल्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन, कारण पाठीमागून येणारा उजेड काचेवर आपटून डोळ्यातच येतो. काचेवर खारं पाणी साचू नये म्हणून आणखी एक थर. फ्रेम कानापर्यंत वळलेली, रुंद दांड्यांची. आमच्याकडे चाचणीचं एक कार्ड असतं. नुसत्या डोळ्यांनी ते कोरं दिसतं, पोलराइज्ड चष्म्यातून बघितलं की त्यात मासा उमटतो. मी ते बाबांच्या नाकासमोर धरलं. "मासो दिसलो," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. चाळीत आठवडाभर पोरं त्यांना विचारत होती, काय बाबा, शूटिंगला निघालात का.

वर्ष झालं आणि बाबा म्हणाले, "ह्येतून काळोख वाटता." मला उत्तर पाठ होतं. करडी काच सगळेच रंग सारखे दाबते, आणि आपलं पाणी कुठे निळंशार आहे, गढूळच की. गढूळ पाण्याला तांब्याच्या रंगाची काच लागते, तिच्यातून खडक वेगळा दिसतो, शेवाळ वेगळं दिसतं. आरशाचं कोटिंगही काढून टाकलं, ते उजेड खातं. कार्ड पुन्हा समोर धरलं, मासा पुन्हा दिसला. "ह्यां बरां आसा," बाबा म्हणाले. ही गोष्ट मी पुढे सहा महिने गिऱ्हाइकांना ऐकवत होतो.

मग तांब्याच्या काचेतूनही काळोख वाटायला लागला. मी पिवळी दिली. पिवळी काच पहाटेला किंवा आभाळ भरून आलेल्या दिवसाला वापरतात, तिच्यातून अंधुक उजेडातलंही उठून दिसतं. ती लावून बाबांना खरोखरच बरं दिसायला लागलं, खडकाची कड पुन्हा कळायला लागली. पहाटेची काच या माणसाला सकाळी अकराच्या उन्हात का लागते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो बैल मी ओढत होतो.

दर रविवारी संध्याकाळी मी विचारायचो, "बाबा, पाण्यातलं दिसतं ना नीट?" ते म्हणायचे, "दिसता." मी खूश.

घरात ते उंबऱ्याजवळ चौकटीला खांदा आपटायचे. जमिनीवर ठेवलेला चहाचा कप लाथेनं उडायचा. आई चिडायची, लक्ष कुठे असतं तुमचं. आमची एकच खोली, तिच्यात कुणीही कशालाही आपटतं, असं मीही म्हटलं.

त्या पावसाळ्याआधी अंकल मुद्दाम दुकानात आले. काचेचं दार ढकलून उभे राहिले, बसले नाहीत.

"तुझा बाबा हल्ली बाजूला बघतच नाय रे. मी इथे बसून थर्मासचा कप त्याच्यापुढे करतो, त्याला समजतच नाय. हाक मारली का मग मान फिरवतो."

मी हसलो. खालच्या खणातून तसलीच एक फ्रेम काढली आणि त्यांना रुंद दांड्या दाखवल्या. "अंकल, फ्रेमच अशी असते. बाजूनं उजेड आत यायला नको म्हणूनच घेतलीय. बाजूचं दिसलं तर फ्रेम फुकट."

त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. "पण चहा प्यायला तो चष्मा काढतो रे."

"सवय लागते," मी म्हणालो. "मान वळवायची सवय." सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, आणि डोळ्यांच्या बाबतीत आमच्या घरातला सोनार मी होतो. अंकलनी फ्रेम काउंटरवर ठेवली. मी ती फडक्यानं पुसून पुन्हा खणात टाकली.

पुढच्या महिन्यात बाबा खडकांवर पडले. घसरलेबिसरले नाहीत. डाव्या हाताला फूटभर खड्डा होता, वर्षानुवर्षं त्याच जागी, आणि बाबांनी सरळ त्याच्यात पाय टाकला. पायाला प्लास्टर बसलं. प्लास्टर करणाऱ्या डॉक्टरनं बाजूनं हात पुढे केला तो बाबांना दिसला नाही, म्हणून त्यानं डोळ्यांच्या विभागात पाठवलं. जे अंकलना कळलं ते एका हाडांच्या डॉक्टरला पाच मिनिटांत कळलं.

तिथे एक अर्ध्या मडक्यासारखं यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवून समोर बघायचं, आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बसलो होतो. बटणाचा आवाज बाहेर येत होता. एकदा आला, मग कितीतरी वेळ नाही, मग लागोपाठ दोनदा, मग पुन्हा नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं असेल. डाव्या डोळ्याचा कागद सगळा काळा निघाला, उजव्याचाही जवळजवळ सगळीकडे काळा. मधे अंगठ्याच्या नखाएवढं पांढरं.

"काचबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्याच वर्षांचा. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवता येतं का बघू." मग बाबांकडे वळून विचारलं, "आजोबा, इतके दिवस कुणाला डोळे दाखवले नाहीत?"

"दाखवले तर," बाबा ताठ बसून म्हणाले. "माझो झील चष्म्याच्या दुकानात आसा. माझे डोळे तोच बघता."

त्या माझ्याकडे वळल्या. आमच्या दुकानात मंगळवारी आणि शुक्रवारी डोळे तपासायला एक बाई येतात. डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र माझ्या काउंटरपासून आठ पावलांवर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी आग्रह करून त्या खुर्चीत बसवतो. बाबांना एकदाही बसवलं नव्हतं. त्यांचा जवळचा नंबर मीच काढला होता, पेपर ते घडाघडा वाचायचे, कार्डातला मासा त्यांना दर वेळी दिसायचा. मी जे जे धरलं ते त्यांच्या नाकासमोर धरलं. मला तिथेच मरून जावंसं वाटलं, आणि ती भावना अजून गेलेली नाही.

आता रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतो.  एका सकाळी विचारलं, जरा रागानंच, "बाबा, बाजूचं दिसत नव्हतं तर सांगितलं का नाही?"

त्यांनी डोळे मिटून मान मागेच टाकलेली होती. थेंब आत मुरू द्यावा लागतो.

"तू पाण्यातलां इचारलंस," ते म्हणाले. "पाण्यातलां दिसत होतां."

त्यात टोमणा नव्हता. निवडलेली काच चुकली म्हणून मला वाईट वाटतंय, असा त्यांचा समज झाला होता, आणि ते माझी समजूत घालत होते.